नत्थूजींची शिदोरी

परातीतला कापूस अर्धाच वळून झाला होता. जयवंताबाईंनी बोटांना राख लावली, एक वात वळली आणि दाराकडे पाहिलं. ओसरी आजही रिकामीच.

चातुर्मासात सौंसरच्या त्या गल्लीतल्या बाया दुपारी याच ओसरीवर लाखवातीच्या वाती वळायला जमत. नवरा गेला, मुलगा गजेंद्र नागपूरला राहायला गेला. घरात माणसाचा आवाज व्हायचा तो तेवढाच वेळ. बाया टिकून राहाव्यात म्हणून जयवंताबाई गोष्ट रचत. गोष्टीतले नत्थूजी छिंदवाड्याच्या बसमध्ये झोपले ते भलत्याच देशात उतरले, आणि मग रोज नवा देश. एका देशातले लोक उलटे चालत, कारण समोरचं पाहणं त्यांच्यात पाप! दुसऱ्या देशात शेजाऱ्याचं संत्रं गोड लागलं तर लोक जीभ घासून धूत. नत्थूजी सगळ्यांना हसायचे आणि आपली शिदोरी सोडून बसायचे. कुणाच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. याच्यावर बाया फार हसायच्या.

मग समोरच्या घरात मालती राहायला आली. तिचा नवरा नगरपालिकेत कामाला, बैठकीत बुद्धाची तसबीर. गोष्ट ऐकायला ती पायरीवर येऊन बसू लागली. एक दिवस ऐकता ऐकता तिच्या हातांनी कापूस उचलला. काय सुरेख वाती वळल्या पोरीनं! शेजारच्या लीलाबाईंनी त्या हळूच बाजूला सारल्या.

"ह्या राहू द्या वेगळ्या."

मालतीनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती आली नाही.

त्या दिवशी जयवंताबाईंनी नत्थूजींना अशा देशात उतरवलं, जिथे पश्चिमेकडे दार असलेल्यांच्या वाती जळतच नाहीत अशी सगळ्यांची खात्री. नत्थूजींनी दोन्हीकडच्या वाती लावून दाखवल्या. सारख्याच जळल्या. पंचांनी बराच विचार करून निकाल दिला: वातीचा दोष नाही, अग्नीच बाटला! तेव्हापासून तो देश अंधारात बसून कच्चे तांदूळ चावतो.

बाया खो खो हसल्या. लीलाबाईही हसल्या, आणि मध्येच थांबल्या.

"जयवंता, तू आमालेच बोलून राहिली ना?"

"मी त त्या देशाचं सांगून राहिली, माय. तुले त्यात सौंसर काऊन दिसलं?"

"मोठी शहाणी! अन तू वो? तू गेली का कधी तिच्या घरी? तवा त तुया नेम आडवा येते!"

त्या उठल्या, त्यांच्यामागे बाकीच्या. आता लीलाबाईंच्या घरी टीव्हीसमोर वाती वळतात. हसणं इथवर ऐकू येतं.

नेम खरा होता. चातुर्मासात परान्न घ्यायचं नाही, सासूबाईंपासून चालत आलेलं. मालतीनं चहाला बोलावलं तेव्हा जयवंताबाईंनी हात जोडून तोच सांगितला होता. पण याच चातुर्मासात लीलाबाईंच्या घरी त्या चहा प्यायल्या होत्या. चहा काय अन्न असते का, असं स्वतःच म्हणाल्या होत्या, आणि बशीत ओतून फुंकर घातली होती.

बाजूला सारलेल्या मालतीच्या वाती त्यांनी कोनाड्यात ठेवल्या होत्या, त्या काढल्या. एक तुपात भिजवून विठोबापुढे लावली. जळली. न जळायला काय झालं? ते तर त्यांना आधीपासूनच माहीत होतं.

"विठोबा," त्या हलकेच म्हणाल्या, "नत्थूजीले मी साऱ्या देशांत फिरवलं, अन त्याची शिदोरी माह्याच पदरात रे."

त्या दाराशी आल्या. समोरचं दार बंद होतं. मालती ते उघडेल, की पायरीवरूनच वाटेला लावेल? लावलं तर लावलं. गोष्टही आता तिलाच सांगायची होती, दुसरं कोण ऐकणार?

अर्धा कापूस परातीत तसाच झाकून त्यांनी हाताची राख धुतली आणि चपला पायात सरकवल्या. मालतीकडे चहा प्यायला जायचं होतं.