करंगळीची फट

बाजलं नीट बसलंय का हे बघायला आक्का डोळे वापरायची नाही, करंगळी वापरायची. बाळंतिणीची बाज आणि लेकराचं बाजलं यांच्या मधल्या सांध्यात ती करंगळी खुपसायची, आणि ती आत गेली की माझ्याकडे बघून म्हणायची, "मिस्त्री, फट हाय."

मी सुतार. तेलंगणाच्या सीमेवर, भीमपूरकडच्या आमच्या गावात कापूस सगळ्यांकडे, सुतार एकटा मी, त्यामुळे जरा माजही होता. आक्का म्हणजे गावची सुईण. तिचं नाव सांगत नाही. तिला जे सोसावं लागलं ते नावाची बदनामी होऊनच सोसावं लागलं, ते पुन्हा माझ्या तोंडून नको.

बाजलं तुम्ही बघितलं नसेल, म्हणून सांगतो. लेकराची छोटी बाज, आईच्या बाजेला बाजूनं घट्ट जोडलेली. तीन बाजूंना कठडा, आईकडची बाजू मोकळी. आईनं हात लांब केला की लेकरू सापडतं. आक्काचं म्हणणं एवढंच होतं, "आईचा हात पोचला पायजे, आईचं अंग नाही पोचलं पायजे."

पहिलं बाजलं मी हौसेनं केलं. अस्सल सागवान, कठड्यावर दोन पोपट कोरलेले, खाली सुंब विणलेलं, वर हिरवा रंग. आक्कानं बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे पोपट कोणासाठी?"

"लेकरासाठी."

"लेकराले बारा दिवस धड दिसत नाही. पोपटाच्या चोचीत दुपटं अडकलं तर तू येशीन काय सोडवाले?"

पोपट गेले. रंगही खरवडला, कारण हाताला लागलेला रंग लेकरू तोंडात घालतं. सुंब पण काढलं. सुंबाला झोळ पडतो, लेकरू मधे गडगडतं, म्हणून सपाट फळी ठोकायला लावली. उंची बोटभर चढ झाली होती, ते चारही पाय पुन्हा कापले. शेवटी काय उरलं? फळी, कठडा आणि मी. उपकेंद्रातली तेलुगू नर्स एकदा आली, तिनं बाजलं हलवून बघितलं, हललं नाही. "बागुंदी, बागुंदी," म्हणाली, म्हणजे छान आहे. आक्कानं तो शब्द उचलला. करंगळी आत गेली नाही की "बागुंदी" म्हणायची. मला तो वर्षातून दोनदा ऐकायला मिळाला तरी खूप.

गावातल्या म्हाताऱ्या तिच्यावर चिडून असायच्या. मोहरीची उशी तिनं बंद केली, जड गोधडी बंद केली, बाजेखालची शेगडी दाराशी नेऊन ठेवली. लेकरू उताणंच निजवायचं, कुशीवर नाही, पालथं तर नाहीच.

"उताणं निजवून डोकं चपटं होते ना गं!" एक म्हातारी म्हणाली.

"चपटं चालते. थंड नाही चालत."



पण तिचा खरा दावा होता तो मऊ गादीवर. आमचा मुलूख कापसाचा. घरात लेकरू जन्मलं की पिंजारी बोलवायचा, घरचा नवा कापूस पिंजून हातभर जाड गादी भरायची, आणि लेकरू तिच्यात बुडवून ठेवायचं. जेवढी गादी जाड तेवढं घर मोठं. आक्का बाळंतिणीच्या खोलीत शिरली की आधी गादीवर मूठ दाबायची. मूठ बुडाली की गादी अंगणात. फळीवर जुन्या लुगड्याची चौघडी, ताणून बांधलेली, बस. लोक म्हणायचे, बाईला कापसाचं वैर आहे. होतंच. एकदा माझ्या पडवीत ओंडक्यावर बसून तिनं मला का ते सांगितलं. रडली नाही. मीच रंधा खाली ठेवला.

सतराव्या वर्षी ती भैंशाकडच्या एका मोठ्या कापूसवाल्या घरात बाळंत झाली. मुलगा झाला. सासूनं गादी भरवली. ही म्हणाली, आत्याबाई, लेकरू आत बुडते. सासू म्हणाली, "आमच्या घरची लेकरं कापसातच वाढतात." विसाव्या दिवशी सकाळी लेकरू गादीत तोंड घालून पडलेलं होतं.

आता पुढचं ऐका, आणि मग ठरवा. लोक जमायच्या आत सासूनं लेकरू उचललं आणि हिच्या बाजेवर, हिच्या कुशीशी ठेवलं. गादी माळ्यावर टाकली. आणि मग बोंब मारली की सुनेनं झोपेत लेकरू अंगाखाली घेतलं!

पंचांनी विचारलं, नवऱ्यानं विचारलं, कोणी हिचं ऐकलं नाही. माहेरच्यांनी दारात घेतलं नाही. त्याच वर्षी नवऱ्यानं दुसरी केली. ही आमच्या गावात मामीकडे आली, जुन्या सुईणीच्या हाताखाली शिकली. सासरच्यांनी ती जिवंत आहे का मेली, हेही कधी विचारलं नाही.

"त्या सासूचं वाटोळं होवो असं नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते ना. रोज वाटते," ती म्हणाली. "मी वाट पाहून राह्यली."

वीस-बावीस वर्षं वाट बघितली तिनं. मग आमच्याच गावातली एक पोरगी त्या घरात दिली गेली. नवरा कोण? आक्काच्या नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोचा मुलगा. आक्का त्या लग्नात जेवायला गेली नाही. पण पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा मात्र आक्का पहिल्या दिवसापासून हजर. लेकरू तिच्याच हातावर आलं. मी मनातून घाबरलो. तिला ते लगेच कळलं.

"येडा हाय काय मिस्त्री? वैर म्हतारीशी हाय. लेकरानं माहं काय केलं?"

बारशाला ती म्हातारी, आक्काची जुनी सासू, आली. अंगावर सोनं, मागे गडी, आणि गड्याच्या डोक्यावर गादी. ढगाएवढी! मी खोलीत खुंट्या ठोकत होतो, बाजलं बाजेला आवळायचं बाकी होतं. म्हातारीनं चौघडी उपसून फेकली आणि गादी बाजल्यात कोंबली.

"फळीवर काऊन निजवता लेकराले? भिकाऱ्याचं हाय काय?"

तिनं आक्काला ओळखलं नाही. आक्कानं गादीवर मूठ दाबली, मूठ मनगटापर्यंत गेली. मग ती हसली. तिचं तसलं हसू मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"बागुंदी," आक्का म्हणाली. "पण आजीबाई, आधी तुमीच दाखवा ना किती मऊ हाय ते. घाला तोंड."

बायका हसल्या. म्हातारीही हसली, वाकली आणि गादीत गाल टेकवला. आक्कानं तिच्या मानेवर तळवा ठेवला, चेहरा वळवला आणि दाबला.

म्हातारीचे हात हवेत फिरायला लागले. बांगड्या कठड्यावर आपटल्या. बायका भिंतीकडे सरकल्या. माझ्या हातात हातोडी होती, दोन पावलांवर उभा होतो. मी सोडवायला गेलो नाही. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा, त्याची मला आजही खंत नाही.

चार श्वासांचा वेळ असेल. आक्कानं हात काढला. म्हातारी लालबुंद होऊन वर आली, तोंडाला कापसाचे तंतू चिकटलेले.

"तुमाले हात मारता आले," आक्का म्हणाली. "माहं लेकरू वीस दिवसाचं होतं, आत्याबाई."

आत्याबाई हा शब्द ऐकला आणि म्हातारीनं ओळखलं. 

"आता सांगा सगळ्यायले. गादी माळ्यावर कोणी टाकली?"

बाळंतीण लेकराला छातीशी धरून बघत होती. नातसूनच ती. म्हातारीनं तिच्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

"म्या टाकली."

"लेकरू माह्या बाजेवर कोणी ठेवलं?"

"म्याच."

आक्कानं विळा मागवला, गादी उभी फाडली, कापूस बायकांना वाटला. म्हणाली, वाती वळा. मग फेकलेली चौघडी उचलली, झटकली, फळीवर ताणून बांधली आणि मला म्हणाली, "उभा काऊन हाय? खुंटी ठोक." मी ठोकली. तिनं करंगळी घातली. फट होती. पुन्हा ठोकली.

त्या लेकराकडे ती रोज जायची. पाचव्या महिन्यात लेकरू आपोआप पालथं पडलं, त्याच दिवशी बाजलं काढून घरी घेऊन आली. लेकरू वळायला लागलं की बाजलं बंद, हा तिचा नियम. पोरीची आई रडून म्हणाली, अजून राहू द्या. आक्का ऐकते होय!

पाच-सहा वर्षं गेली असतील. तो नातू, त्याच लेकराचा बाप, मोटरसायकलवर माझ्या पडवीत आला. आक्का नवीन बाजलं तपासत होती.

"आजी शेवटची हाय," तो म्हणाला. "एकदा येऊन जा म्हणते. माफी मागायची हाय तिले."

आक्कानं करंगळी सांध्यातून काढली नाही.

"मले काऊन मागते? जिथं जाऊन राह्यली, तिथं माहा पोरगा हाय. त्याले माग म्हणा."

त्यानं मोटरसायकल वळवली आणि गेला. आक्का माझ्याकडे वळली. "मिस्त्री, फट हाय." मी रंधा घेतला.

त्यानंतर दोन वर्षांनी आक्का गेली. तापानं, चार दिवसांत. घरचं कोणी नव्हतं, म्हणून तिरडी मी बांधली. बांबू घेतले, आडव्या कामट्या टाकल्या, सुतळी आवळली. लोक अंगणात खोळंबले होते. मी सहज दोन कामट्यांच्या मधे करंगळी घालून बघितली, तर आत गेली. मी सगळ्या गाठी सोडल्या आणि पहिल्यापासून बांधायला घेतलं.

"मिस्त्री, काऊन उशीर करून राह्यले?" कोणीतरी ओरडलं.

"थांबा जरा," मी म्हणालो. "फट हाय."