नलूने यंत्रात ठेवलेली पानं

नलू गेली तेव्हा तिचा फोन माझ्याकडे होता. अलिबागच्या इस्पितळात बाहेरच्या बाकावर मी तिची पिशवी, चष्मा आणि तो फोन मांडीवर घेऊन बसले होते. आतून तिचा भाऊ हरेश आला, माझ्याकडे बघून नुसती मान हलवली आणि भिंतीला पाठ लावून खाली बसला. तेवढ्यात फोन वाजला. मच्छीमार सोसायटीतला कारकून मंगेश होता. कुठली सोसायटी ते लिहीत नाही. लिहिलं तर त्यांना वाटेल पेपरात नाव आलं, आणि कात्रण काचेत लावतील. "ताईंना देता का जरा? परवान्याला जोडायला खलाशांची यादी छापायची हाय, ती येत न्हाय," मंगेश म्हणाला. मी त्याला सांगितलं, ताई आत्ताच गेल्या. तो "अरेरे" म्हणाला. आणि मग म्हणाला, "आता दुसऱ्या कोनाला म्हाईत असल?"

अशा वेळी मोठ्या मनाने लिहायचं असतं की त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. मला तसं लिहिता येत नाही. गरज सरो, वैद्य मरो, असं आपण म्हणतो. इथे वैद्य मेला तरी गरज सरली नव्हती, एवढाच फरक.

नलू काशीदच्या पुढच्या एका कोळीवाड्यातली. आम्ही दोघी अलिबागला कॉलेजात एका बाकावर बसायचो. तिच्या अंगाला सुक्या मासळीचा वास येतो म्हणून त्या बाकावर तिसरं कोणी बसायचं नाही, त्यामुळे आम्हाला ऐसपैस जागा असायची. शेवटच्या वर्षी आम्ही दोघींनी संगणकाचा वर्ग लावला. तिथे एकदा नलूने सरांना काहीतरी विचारलं. तिच्या बोलीत विचारलं, कारण तिला तेव्हा दुसरी येतच नव्हती. सरांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी तिचाच प्रश्न तिच्याच हेलात वर्गाला म्हणून दाखवला, आणि वर्ग हसला. मीसुद्धा थोडीशी हसले असेन. त्या दिवसानंतर वर्गात तिने माणसाला प्रश्न विचारला नाही.

तिने यंत्राला विचारायला सुरुवात केली. ज्यांनी संगणकाचा तो काळा पडदा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. त्यावर चित्रं नसतात, बटणं नसतात. आज्ञा टाइप करायची आणि यंत्र ती पाळतं. पण आज्ञा कशी द्यायची हे माहीत नसेल तर आधी 'मॅन' असं टाइप करायचं, पुढे त्या आज्ञेचं नाव. 'मॅन' हे मॅन्युअलचं लघुरूप. लगेच एक पान उघडतं. ही आज्ञा काय करते, कशी वापरायची, काय केलं की काय होतं, आणि ज्यांनी ती लिहिली त्यांनाच ठाऊक असलेल्या तिच्यातल्या उणिवा, सगळं त्या पानात असतं. पुस्तक विकत घ्यायला नको, कोणाच्या तोंडाकडे बघायला नको. पानं इंग्रजीत, नलूचं इंग्रजी बेताचं. शेजारी शब्दकोश ठेवून ती वाचत बसायची. एकदा मी तिला म्हटलं, इतकं काय त्यात सापडतं तुला? पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "याला कितींदा पन इचार. हा हसत न्हाय."

पुढे मी अलिबागच्या बँकेत चिकटले आणि ती मुंबईत एका कंपनीत यंत्रं सांभाळायला गेली. चांगली वर चढली. आई अंथरुणाला खिळली तेव्हा सगळं सोडून गावी आली, आणि आई गेल्यावरही परत गेली नाही. सोसायटीने तिला कामावर घेतलं. तिथल्या जुन्या संगणकावर तिने बोटींसाठी, बर्फासाठी, डिझेलसाठी छोट्या छोट्या आज्ञा लिहिल्या. त्यातली 'खलाशी' ही सगळ्यात महत्त्वाची. कोणती बोट बाहेर आहे आणि तिच्यावर कोण कोण आहे, ते ती सांगायची. वारा सुटला की पहिल्यांदा तीच यादी काढायची, मग फोन लावायचे. आणि प्रत्येक आज्ञेसाठी नलूने पान लिहिलं, मराठीत, गावच्या माणसाला कळेल असं. 'खलाशी'च्या पानातल्या उणिवा मला पाठ आहेत. "दोन माणसं एकाच नावाची असतील तर यंत्राला फरक कळत नाही. बापाचं नाव घाला. तेही सारखं असेल तर आईचं." आणि दुसरी ओळ, "बोट बंदराला लागल्याशिवाय यादी पुसू नये. यंत्र पुसू देईल. तुम्ही पुसू नका."

तिचा एक खोडसाळपणाही त्यात होता. पान उघडलं की बाहेर कसं पडायचं हे नवशिक्याला कळत नाही, तो अडकून बसतो. बाहेर पडायला 'क्यू' हे एक अक्षर दाबायचं असतं, एवढंच. नलूने ते प्रत्येक पानाच्या अगदी शेवटच्या ओळीत लिहून ठेवलं होतं. म्हणायची, सुटायचं असेल तर आधी सगळं वाच. कोणी काही विचारायला आलं की तिचा एकच प्रश्न असायचा, "पान उघडलंस?" उघडलं नसेल तर शेजारी बसून उघडायला लावायची. रागावली मात्र कधीच नाही. विचारल्याबद्दल माणसाला खाली बघायला लागू नये, ही तिची एकच जिद्द होती. तिच्याशिवाय सगळं चालावं म्हणून ती राबली.

आणि तसं चालायला लागलं. मग कमिटीच्या ध्यानात आलं की सगळं यंत्रात लिहून ठेवलंय, तर ताई कशाला? शाल दिली, नारळ दिला, घरी पाठवलं. मी संतापले. नलू हसली. म्हणाली, म्हणजे पानं चांगली झाली म्हणायची.

पुढचं ऐकून मात्र ती हसली नाही. सोसायटीचा सुवर्णमहोत्सव झाला. त्याचं शूटिंग, ड्रोन वगैरे लावून केलेलं, त्याच संगणकावर ठेवायचं होतं, आणि जागा पुरेना. शहरातून एक तंत्रज्ञ बोलावला. त्याने बघितलं, आज्ञा तर चालू राहायला हव्यात. पण ही पानं नुसती वाचायचीच आहेत, त्यांच्यावाचून काही अडत नाही. चेअरमनना विचारून त्याने पानं पुसली. चार सुटी पानं ती, त्यांनी जागा तरी किती अडवली असेल! दुसऱ्या दिवशी मंगेशने 'मॅन खलाशी' टाइप केलं, तर या नावाचं पान नाही असं उत्तर आलं. जिथे हारतुऱ्यांची फिल्म मावली तिथे माणसं परत आणायची रीत मावली नाही.

तेव्हापासून तिचा फोन वाजू लागला. तोवर तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि ती डायलिसिसवर होती. दंडात सुई, दुसऱ्या हातात फोन, आणि ती मंगेशला एकेक अक्षर सांगतेय... हे मी पाहिलंय. एकदा मला राहवलं नाही. मी फोन हिसकावून बंद केला आणि म्हटलं, ज्यांनी पुसलं त्यांना निस्तरू दे ना! ती थकलेली होती, पण आवाज कॉलेजातलाच होता.

"इचारू दे गो. आज हाकललास तर उद्या तो न इचारता बटन दाबील. मानसं समिंदरात असतात."

आणि थोड्या वेळाने डोळे मिटून म्हणाली, "पानं माझ्या लॅपटॉपात हायत. परत टाक तिथं." मी काहीच बोलले नाही. तिने ते हो असं धरलं.

शोकसभा सोसायटीच्याच हॉलमध्ये झाली. मेल्या म्हशीला मणभर दूध. चेअरमन म्हणाले, ताई एका फोनवर हजर असायच्या, शेवटच्या दिवसापर्यंत त्यांनी आम्हाला अंतर दिलं नाही. टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणून लोक गप्प होते, एवढंच. तिच्या फोटोला हार घालून तो त्याच संगणकाच्या डोक्यावर टांगला आहे. ज्या पडद्यावर तिचं अक्षर होतं तो रिकामा, आणि वर भिंतीवर तिचं तोंड.

लॅपटॉप हरेशने मला आणून दिला. मी तो कपाटात टाकला. खरं सांगते, द्यायचा नव्हता मला. अडू दे त्यांचं, येऊ दे दारात, चेअरमनने चपला बाहेर काढून विनंती करावी, असं मनात होतं. नारळी पौर्णिमा आली. हरेश भेटायला आला, पण लॅपटॉपचं काही बोलला नाही. जाताना चपला घालता घालता म्हणाला, "उद्या बोट काढतो. माझं नाव बी त्याच यादीत हाय, बाय."

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन सोसायटीत गेले. पानं परत कशी टाकायची याचंही पान तिने लिहून ठेवलं होतं, ते वाचून टाकली. चेअरमनना माझा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा होता. मी नको म्हटलं. चहाही घेतला नाही. तेवढं तरी तोंड कडू राहू दे, म्हटलं. मंगेशला सांगितलं, यापुढे कोणाला विचारू नकोस, पान उघड.

नलूचा फोन अजून मीच चार्ज करते. बंद करवत नाही. परवा दुपारी वारा उठला, पाणी काळं पडलं, आणि तो वाजला.

"ताई..." मंगेश म्हणाला आणि अडखळला. त्यालाही कळलं असावं, तो कोणत्या नंबरला ताई म्हणतोय. "बोटी भायेर हायत. यादी काढायची हाय."

माझ्या तोंडून निघून गेलं, "पान उघडलंस?"

"व्हय, उघडलंय. पन यातून भायेर कसं पडायचं ताच कळत न्हाय."

सांगितलं असतं तर एका अक्षराचं काम होतं. ओठांवर आलंही होतं.

"शेवटपर्यंत वाच," मी म्हटलं. "तिने लिहून ठेवलंय."

त्याने फोन ठेवला नाही. तो हळूहळू, शब्दाशब्दाला अडत मोठ्याने वाचू लागला, आणि मी ऐकत राहिले. "...यंत्र पुसू देईल. तुम्ही पुसू नका."