मावशी पाय टेकवत नव्हत्या

गुडघ्यावरची चादर हातानं सारखी करायची आणि म्हणायचं, "बरं हाय बिलकुल." सुई टोचली तरी बरं, ड्रेसिंगची पट्टी ओढली तरी बरं. एकदा तर डॉक्टर शेजारच्या कॉटवरच्या बाईंना विचारत होते, तरी उत्तर मावशींनीच देऊन टाकलं.

जालन्यातल्या एका हाडांच्या दवाखान्यात मी अठरा वर्षं नर्स आहे. अशा वॉर्डात तुम्ही कधी कुणाच्या उशाशी बसला असाल, तर तुम्हाला ठाऊकच असेल. कुणी रडतं, कुणी घरच्यांवर डाफरतं, कुणी भिंतीकडे तोंड करून पडून राहतं. सगळ्यांचं ऐकून घेणं आता मला होत नाही. त्यामुळे कुरकुर न करणाऱ्या मावशी मला आवडायच्या, हे कबूल करते. इतरांना मी त्यांचं उदाहरण द्यायची.

मावशी कुंभार पिंपळगावच्या. दोन उन्हाळ्यांपूर्वी नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून तीर्थपुरीला लग्नाला निघाल्या होत्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा धक्का लागला. मावशींचं मांडीचं हाड मोडलं, आणि नवरा दुसऱ्या दिवशी गेला. दोन्ही मुलांनी मला दाराबाहेर नेऊन सांगितलं की आईला इतक्यात कळू द्यायचं नाही. वडील संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात आहेत, असं म्हणायचं. आमच्याकडे असंच करतात. भेटायला येणारे जिन्यातच डोळे पुसत आणि आत आल्यावर आंब्याच्या भावाचं बोलत. मीही त्यांना सामील झाले.

मांडीत रॉड टाकला, एक्स-रे छान आला, वॉकर आणला. आणि मावशी पाय टेकवेनात. कॉटच्या कडेला बसत, वॉकर धरत, पण पाय जमिनीपासून चार बोटं वर तसाच अधांतरी. उद्या बघू म्हणत. दोन आठवडे होऊन गेले. डॉक्टर म्हणाले, अजून आठवडाभर असंच चाललं तर गुडघा आखडेल, मग बाई जन्मभर अंथरुणात. आम्ही गोडीनं सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. शेवटी मी माझी हुकमी युक्ती काढली. दहा पावलं चाला, मालकांना भेटायला गाडीनं नेते, असं म्हणाले. मावशींनी पाय वर घेतला आणि अंगावर चादर ओढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आटोपून वॉर्ड पेंगत होता. मी मावशींचा गुडघा वाकवून घेत होते. छताकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "सिस्टर, मालक गेले ना?"

कुणी सांगितलं, एवढंच मी विचारलं.

"थोरला पंख्याखाली बसूनबी डोक्याचा रुमाल सोडंना. येक दिवस वाकला, तर रुमाल सरकला. डोकं भादरलेलं. तव्हाच कळलं."

तो रुमाल मी रोज पाहत होते. बाप गेल्यावर मुलगा केस काढतो, हे मला काय माहीत नव्हतं? मग इतके दिवस बोलला का नाहीत, असं मी विचारलं.

"पोरं एवढी झाकून राह्यलीत. मी चालले की घरी न्यावं लागंल, तव्हा त्यान्ला सांगावं लागंल. कोन्या तोंडानं सांगतील लेकरं? मंग म्हनलं, पडून राहावं."

मला रडू आलं आणि स्वतःचाच राग आला. सगळ्या वॉर्डात जी बाई मला ठणठणीत वाटत होती, तिच्यापाशी मी कामाशिवाय पाच मिनिटंही बसले नव्हते. त्या दुपारी बसले. उठताना म्हणाले, मावशी, त्यांना सांगवत नसेल तर तुम्हीच सांगा.

संध्याकाळी थोरला डबा घेऊन आला. मावशींनी वॉकर मागितला. उभ्या राहिल्या, ओठ दाबला आणि मोडलेला पाय जमिनीवर टेकवला. चार पावलं चालून त्याच्यासमोर गेल्या.

"तेरवी बराबर झाली का रे?"

तो डबा कॉटवर ठेवून आईच्या खांद्यावर डोकं टेकवून रडू लागला. एवढा मोठा बाप्या, वॉर्डाची लाजही राहिली नाही त्याला. मावशींचे दोन्ही हात वॉकरवर होते, सोडले असते तर त्या पडल्या असत्या.

"सिस्टर, कमरेला धर मला जरा, माय."

मी घट्ट धरलं. मग त्यांनी एक हात सोडवून घेतला आणि त्याच्या पाठीवर ठेवला.