आधी टब, मग हॉस्पिटल

उन्हात खेळता खेळता तुमची मुलगी बरळायला लागली आणि कोसळली, तर तुम्ही तिला आधी कुठे न्याल?

हॉस्पिटलात. असंच म्हणालात ना? त्या दुपारी जबलपूरच्या आमच्या मैदानावर प्रत्येक माणूस तेच म्हणत होता. तिचा भाऊ म्हणत होता, आमचे मॅनेजर म्हणत होते, सोफ्यावर बसलेले प्रमुख पाहुणेसुद्धा म्हणत होते. शामियान्यामागे एसी चालू केलेली गाडी उभी होती. आणि मी आमच्या रजनीला बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवून धरलं होतं.

"मॅडम, पोरगी मरून राहिली तिथं!" तिचा भाऊ प्रमोद ओरडत होता. "सोडा तिले!"

मी सोडलं नाही. का सोडलं नाही, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

मी स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोच आहे. आईला अजून वाटतं, शाळेत पीटीच्या बाई करतात तेच मी इथे करते. काम साधारण असं: खेळाडूंना किती पळवायचं, किती वजन उचलायला लावायचं, कुणाला आज विश्रांती द्यायची हे ठरवणं. थोडक्यात, शरीर कामाला लावायचं आणि ते मोडू द्यायचं नाही. पहिला भाग सगळ्या मॅनेजरांना आवडतो. दुसरा भाग आला की त्यांचा चेहरा बदलतो.

आमचा क्लब ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळतो. पगारी क्लब आहे, मुलींचा संघ आहे. चेंडू लांबट, अंड्याच्या आकाराचा. तो हातात धरून पळता येतं, पायाने मारता येतो, मुठीने ठोसून मैत्रिणीकडे देता येतो. मैदान क्रिकेटएवढं मोठं. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथ मारून चेंडू घातला की सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला की एक. एवढ्या मोठ्या मैदानावर चेंडू सारखा इकडून तिकडे उडतो आणि मुली त्याच्यामागे धावतात. उभं राहायला वेळच नसतो. म्हणून या खेळात माझ्यासारख्यांना नोकरी मिळते.

रजनी भोयर आमच्या मधल्या फळीत खेळायची. जबलपुरातल्याच चेरीताल भागातली मुलगी. वडील फॅक्टरीतून रिटायर झालेले, घर तिच्या आणि प्रमोदच्या पगारावर चालायचं. आमच्यात सगळ्यात जास्त पळणारी तीच. पुढच्या सीझनचे करार त्या आठवड्यात ठरणार होते, आणि हे तिच्याइतकं कुणाच्याच डोक्यात बसलेलं नव्हतं.

एप्रिल महिना. सामना सकाळचा ठेवला होता. पण प्रमुख पाहुण्यांना यायला जमलं नाही, म्हणून आधी थोडा पुढे ढकलला, मग आणखी पुढे. सुरू होईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. पाहुण्यांना ऊन लागू नये म्हणून शामियाना होता, कूलर होते, सोफे होते. ज्यांना पळायचं होतं त्यांच्यासाठी सावलीचा एक पडदाही नव्हता. हे मला तेव्हाही संतापजनक वाटलं आणि आताही वाटतं.

त्याआधी सकाळीच माझं मॅनेजर दुबे सरांशी वाजलं होतं. कारण होतं टब. गुरांना पाणी पाजायला असतो तसला मोठा काळा प्लास्टिकचा टब मी हट्टाने क्लबला घ्यायला लावला होता. उन्हाळ्यातल्या प्रत्येक सामन्याला तो बर्फाच्या पाण्याने भरून मैदानाच्या कडेला, आमच्या बाकाशेजारी राहणार, असा नियम. त्या सकाळी मी पोहोचले तेव्हा टब पलीकडे शामियान्यात होता आणि त्यात कोल्ड्रिंकच्या बाटल्या पोहत होत्या.

"सर, ये इमर्जन्सी का टब है."

"अरे मैडम, टब ही तो है. व्हीआयपी आ रहे हैं, फ्रिज छोटा पड़ गया."

"कोई गिर गया तो?"

"तो मेरी गाड़ी है ना. एसी वाली. दस मिनट में हॉस्पिटल. आप दौड़ाइए, मैनेज हम कर लेंगे."

बाजूला आमचे फिजिओ काळे दादा पट्ट्या कापत बसले होते. ते मला हळूच म्हणाले, "काहून भांडून राहिली सकाळी सकाळी? टब काही पळून नाही चालला."

"आपल्यापासून दूर चालला ना, दादा."

शेवटी एका गोष्टीवर तोडगा निघाला. बाटल्या राहू देत, पण बर्फ कमी पडता कामा नये, आणि टब शामियान्याच्या अगदी पुढे, मैदानाला लागून ठेवायचा. दुबे सरांना ते फोटोसाठीही बरं वाटलं. मी क्वार्टर छोटे करायला सांगितले. क्वार्टर म्हणजे सामन्याचा चौथा भाग. ते नाही म्हणाले. पाण्यासाठी जास्तीचे थांबे मागितले, ते मिळाले.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये रजनीकडे चेंडू आला. आसपास कुणी नव्हतं. ती वळली, सुसाट पळाली आणि तिने चेंडू सरळ खांबांमधून मारला. दोन्ही हात वर केले.

खांब आमचेच होते. गुण समोरच्या संघाला मिळाला.

लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "दीदी, उधर वाला!" आमचे कोच कपाळावर हात मारून म्हणाले, "हिला काय झालं आज?"

तोच प्रश्न मला पडला होता, पण मला हसू आलं नाही. थकलेला खेळाडू हळू पळतो, चुकीचा पास देतो. पण आपले खांब कुठले ते विसरत नाही. डोकं भलतंच वागायला लागलं की समजायचं, उष्णता मेंदूपर्यंत पोहोचली आहे. मी बॅग उचलून आत पळाले. मी पोहोचेपर्यंत ती गवतावर बसली होती.

"रजनी, मी कोण?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "आई, गॅस बंद कर," ती म्हणाली आणि आडवी झाली.

डोक्याला मार? कुणी धडकलं नव्हतं, ती स्वतः बसली होती. श्वास चालू होता, वेगाने. काळे दादांनी बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर पाहिली, ठीक होती. तोवर दुबे सर कपाळावर धरायचा थर्मामीटर घेऊन आले, गेटवर असतो तो.

"देखो, निन्यानवे! बुखार भी नहीं है. चक्कर आया है. ग्लुकोज पिलाओ."

"सर, प्लीज. मुँह में कुछ मत डालिए."

शुद्ध हरपलेल्या माणसाला पाजलेलं पाणी पोटाऐवजी छातीत जाऊ शकतं. आणि घामाने भिजलेलं, वारा लागलेलं कपाळ खोटं बोलतं. बगल खोटं बोलते. तोंडसुद्धा. शरीराच्या आतलं खरं तापमान मैदानावर एकाच जागी मोजता येतं, गुदद्वारातून. माझ्या बॅगेत त्यासाठी लांब वायरचा थर्मामीटर होता. तो मी सीझनभर वाहत होते आणि मुली त्यावरून माझी टिंगल करायच्या.

आता सगळं मैदान बघत होतं. मी इकडेतिकडे पाहिलं आणि कुंपणावर बांधलेला स्वागताचा फ्लेक्स दिसला. मोठा, रंगीत, त्यावर हात जोडलेले प्रमुख पाहुणे.

"तो काढा! आडोसा करा!"

मुलींनी तो ओरबाडून काढला. सहा जणी पाठ करून गोल उभ्या राहिल्या. काळे दादाही पाठ करून उभे राहिले, रजनीचं मनगट धरून. हात जोडलेल्या पाहुण्यांच्या आडोशाने मी काम केलं. लाज वाटली का? वाटली. आकडा दिसला तेव्हा ती कुठल्या कुठे गेली. एकेचाळीस अंश सेल्सिअसच्याही वर, म्हणजे घरच्या थर्मामीटरवर एकशे सहाच्या आसपास. या आकड्यावर शरीराचे आतले अवयव शिजायला लागतात. मेंदू, यकृत, किडनी. अर्ध्या तासाच्या आत उष्णता उतरवायची, ही आमच्या कामातली लक्ष्मणरेषा.

"दादा, टब!"

काळे दादांनी एक शब्द विचारला नाही. फ्लेक्सचीच झोळी झाली आणि आम्ही तिला घेऊन शामियान्याकडे पळालो. तोवर प्रमोद कुंपण ओलांडून आला होता. दुबे सर गाडीचं दार उघडून उभे होते.

"इधर, इधर! एसी फुल है!"

इथे मी एक गोष्ट समजावून सांगते, कारण चूक इथेच होते. एसीची हवा कातडीला गार करते. आत पेटलेल्या शरीराला ती फुंकर घातल्यासारखी. रस्त्यातली गर्दी, रेल्वे फाटक, गेटवरची चौकशी, स्ट्रेचर, या सगळ्या वेळात आतलं शिजणं थांबत नाही. उष्णता सगळ्यात लवकर ओढून घेतं ते बर्फाचं पाणी. म्हणून आधी जागेवर थंड करायचं, मग हलवायचं.

मी टब तिरका केला. बाटल्या गवतावर, गालिच्यावर, पाहुण्यांच्या बुटांवर घरंगळल्या. बराचसा बर्फ आत राहिला. मुलींनी कॅनमधलं पाणी वरून ओतलं आणि आम्ही रजनीला आत बसवलं. काखेतून चादर घालून काळे दादांनी डोकं पाण्याबाहेर धरलं. मी थर्मामीटरची वायर सांभाळत पाणी ढवळत राहिले.

थंडी लागताच ती किंचाळली. हातपाय झाडायला लागली. त्या आवाजाने सगळा शामियाना उठून उभा राहिला.

"ये क्या कर रही हैं आप?" पाहुणे म्हणाले. "बच्ची को निमोनिया हो जाएगा!"

दुबे सर माझ्या कानाशी आले. "मैडम, कुछ हो गया ना, तो लिखित में आप पर आएगा."

"आने दीजिए. हॉस्पिटल में फोन कीजिए, बोलिए हीट स्ट्रोक है, ठंडा करके ला रहे हैं."

ते जागचे हलले नाहीत. मग मी ओरडले, "फोन!" मॅनेजरवर असं कुणी ओरडत नाही. त्यांनी फोन लावला.

प्रमोदने माझा दंड धरला. आता तो ओरडत नव्हता, त्याचा आवाज फाटला होता. "मॅडम, तुमच्या पाया पडतो. माझी एकच बहीण आहे. तिले हॉस्पिटलात नेऊ द्या."

मी आकडा बघत होते. तो हलत नव्हता. मी चुकत असेन तर? वायर सरकली असेल तर? हे सगळं मी शिकले होते, पुतळ्यावर सराव केला होता. जिवंत माणसावर पहिल्यांदाच करत होते, आणि त्या माणसाचा भाऊ माझा दंड धरून उभा होता.

"सकाळी तिले काही झालं होतं का?" काळे दादांनी प्रमोदला विचारलं.

तो म्हणाला, "काल हगवण होती. सकाळी अंग गरम होतं. मी तापाची गोळी दिली. ती म्हणे, मॅडमला सांगू नको, बसवून ठेवतील. कराराचं चालू आहे ना."

कालपासून पाणी गेलेलं शरीर, अंगात ताप आणि वर हे ऊन. आता सगळं जुळलं. मी त्याला म्हणाले, "प्रमोद, रागवत नाहीये. इकडे ये. तिचा हात धर, तिच्याशी बोल. ती ओळखायला लागली की मला सांग."

तो गुडघ्यावर बसला. बर्फात हात घालून त्याने तिचा हात धरला. "रजू. रजू, मी आहे." पुन्हा पुन्हा तेच. कूलर घरघरत होता.

आकडा हलला. एक दशांश. मग आणखी एक. मग भराभर.

रजनीचं झटापट करणं थांबलं. दात वाजायला लागले. तिने डोळे उघडले, प्रमोदकडे पाहिलं आणि म्हणाली, "दादा, तू काहून रडून राहिला?"

मी कुणाला दिसणार नाही अशी मान खाली घातली. एकोणचाळीसच्या खाली आकडा येताच तिला बाहेर काढलं, पुसलं, आणि मग दुबे सरांची एसी गाडी खरोखरच उपयोगी पडली.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीण बाईंनी रक्ताचे रिपोर्ट पाहिले आणि विचारलं, "थंड कुठे केलं?" मी म्हटलं, "कोल्ड्रिंकच्या टबात." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हिला तशीच आणली असती तर आज मी हिच्या भावाशी वेगळं बोलत असते."

रजनी काही दिवसांनी घरी गेली. पळायला बराच काळ लागला, पण पळतेय. तिचा करार झाला. मला शिस्तभंगाबद्दल लेखी समज मिळाली, ती मी जपून ठेवली आहे. दुबे सरांनी पुढच्या सामन्याआधी स्वतः मला विचारलं, "मैडम, टब कहाँ रखना है?" आणि टबावर रजनीने लाल ऑइलपेंटने लिहिलं आहे: इसमें बोतल नहीं, खिलाड़ी रखे जाते हैं.

या सगळ्यातून मी शिकले ते एवढंच: मैदानावर आधी सोफे मांडले जातात, टबाची आठवण शेवटी होते. आणि ती कुणीतरी भांडल्याशिवाय होत नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमचं मूल ज्या मैदानावर, ज्या अकादमीत, ज्या शाळेत उन्हात पळतं, तिथे उद्याच जा. तिथल्या सरांना विचारा, "बर्फाचा टब कुठे आहे?" नसेल तर चार पालक मिळून तो घ्यायला लावा. असेल तर झाकण उघडून आत काय ठेवलंय ते बघा. आणि प्रश्न ऐकून ते हसले, तर टब येईपर्यंत मुलाला त्या उन्हात पळायला पाठवू नका.