लाल दोऱ्याची शाल

माझी नणंद बुरुल वीस वर्षं आमच्या डोंगराळ नारीन गावच्या बाजारात शाली विकते. जीभ अशी, की मेंढीलासुद्धा लोकर विकेल. "यंदा हाच रंग चाललाय गं!" हे ती दर वर्षी म्हणते आणि आम्ही दर वर्षी घेतो. घालायला नव्हे, द्यायला. आमच्याकडे लग्न म्हटलं की व्याह्यांना शाल हवीच. मिळालेली शाल प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीतून न काढताच पेटीत जाते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या घरी.

गेल्या महिन्यात बुरुलच्या मुलाच्या लग्नात तिला व्याह्यांकडून शाल आली. करडी, उंटाच्या लोकरीची. आमच्याकडे येऊन तिने पिशवी उजेडात धरली आणि गप्पच झाली. मी घाबरले, कारण ही बाई झोपेतही गप्प नसते.

शालीचा कोपरा लाल दोऱ्याने शिवलेला होता. तो टाका तिचाच. धंद्यातल्या पहिल्या कमाईची ही शाल तिने आईला दिली होती.

"आपा, ही तू कुणाला दिलीस?" तिने आईला विचारलं. आमच्याकडे आईला आपाच म्हणतात.

सासूबाई कानांना जुनं फडकं बांधून चुलीजवळ बसल्या होत्या. "एका विहिणीला. एवढी चांगली वस्तू, घालून खराब करायची?"

"तुझे कान ठणकायचे म्हणून दिली होती!"

"ठणकतात की अजून. ठेव पेटीत, शेजारच्या आसेलच्या पोरीचं लग्न आलंय."

तेव्हापासून बुरुलला चैन पडेना. गिऱ्हाईक शाल घ्यायला लागलं की मध्येच विचारायची, "घालणार ना?" गिऱ्हाइकं पळायला लागली.

"वेड लागलंय का तुला?" मी चिडले.

"वहिनी, वीस वर्षं मी विकलं काय गं? नुसत्या पिशव्याच ना?"

माझ्याही पेटीत तिच्या नऊ शाली पडून आहेत. मला लाज वाटली.

शुक्रवारी ती तरातरा आली, पेटी उघडली आणि पिशवी दातांनी फाडली. शाल आईच्या डोक्याला गुंडाळली. सासूबाईंनी ती लगेच काढून घडी घातली. "अजून नवीच दिसते. दुसरी पिशवी आण."

बुरुलने वाडग्यातला दूध-मिठाचा चहा शालीच्या एका टोकावर ओतला.

"आता नाही कुणाला देता येणार, आपा. घाल."

सासूबाईंनी तिला तोंडभर शिव्या दिल्या. डाग बराच वेळ चोळून पाहिला. मग ते टोक पाठीमागे टाकून शाल कानांवर ओढली आणि डोळे मिटून बसल्या.

"बुरुल," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "एवढी ऊब होती होय गं हिच्यात?"