पाडायला काढलेलं एक बेसबॉल स्टेडियम

फ्लोरिडाला जायचंय, काय बघावं, असं कुणी विचारलं की मी मुकाट्यानं रस्ते आणि मोटेलं सांगतो. स्वतःची ट्रिप सांगत नाही. आज सांगून टाकतो.

सत्त्याऐंशीचा मार्च. आम्ही न्यू जर्सीत पिस्कॅटवेला राहत होतो आणि जूनमध्ये कायमचे पुण्याला परतणार होतो. आमची मुलगी अनघा पाळण्यात असतानाच मी आणि माझी बायको सुनंदा, आम्ही ठरवलं होतं, की ती बारा वर्षांची व्हायच्या आत परत जायचं. आमच्या ओळखीतली निम्मी मराठी घरं असं ठरवायची आणि मग फाटे फोडत बसायची. आम्ही मात्र शब्दाचे पक्के. जाण्याआधी इथलं काय बघायचंय, असं अनघाला विचारलं. मला वाटलं डिस्ने म्हणेल. तिनं मध्य फ्लोरिडातल्या एका लहान गावाचं नाव घेतलं. सीझन सुरू व्हायच्या आधी तिची आवडती बेसबॉल टीम तिथे सरावाचे सामने खेळायची. सुनंदा घरसामान विकण्यात बुडालेली, त्यामुळे आम्ही दोघंच निघालो.

रस्ता दोन दिवसांचा. पंच्याण्णव नंबरचा हायवे एकदा धरला की चुकायला वाव नाही आणि बघायलाही फारसं काही नाही. सुनंदाच्या दशम्या साउथ कॅरोलिनापर्यंत पुरल्या. पुढे रस्त्याच्या कडेला उकडलेल्या शेंगा मिळतात, खारट, अगदी आपल्याकडच्यासारख्या. मोटेल पंचवीस डॉलरचं, गालिच्याला ओलीचा वास. अनघा सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती. थकली असेल, असं मी सोयीस्करपणे धरून चाललो.

स्टेडियम बघून माझी निराशाच झाली. तळ्याकाठचं जिल्हा क्रीडांगण म्हणावं इतकं लहान, लाकडी बाकं, रंगाचे पोपडे, वर भरून आलेलं आभाळ. तिकीट चार डॉलर. शाकाहारी माणसानं हॉट डॉगमधलं मांस वगळून पाव, कांदा आणि मोहरीची चटणी मागावी. विकणारा कीव केल्यासारखं बघतो, पण देतो. खेळाडू मात्र इतके जवळ की त्यांचं आपसातलं बोलणं ऐकू यायचं. तिथे अनघा पहिल्यांदा हसली.

आमची जागा उजव्या टोकाच्या स्वस्त बाकांवर होती. तिकिटं बघून जागा दाखवणारे गृहस्थ सत्तरीचे, काळे, फार हळू बोलणारे. स्टेडियम त्यांच्या लहानपणी बांधलेलं. तेव्हा काळ्या लोकांना फक्त याच बाकांवर बसता यायचं, आत यायचं दारही वेगळं. ते दार त्यांनी बोटानं दाखवलं. विटांनी बुजवलेलं होतं आणि त्या विटांचा रंग निराळा होता. पुढच्या वर्षी हे सगळं पाडून हायवेलगत नवं बांधणार होते. वाईट वाटतं का, असं मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "पण पाडतील त्या दिवशी मी येणार. ओळखीचं कुणीतरी हवं ना तिथे."

सहाव्या डावात एक चेंडू उंच उडून थेट आमच्याकडे आला. कॉलेजात मी सीमारेषेवर क्षेत्ररक्षण करायचो. हात आपोआप वर गेले, चेंडू झेलला, आणि उभं राहून मी तो झकासपैकी मैदानात परत फेकला. क्रिकेटमध्ये तेच करतात. भोवतालचे लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. त्या गृहस्थांनी जवळ येऊन सांगितलं, की इथे प्रेक्षकानं झेललेला चेंडू त्याचाच असतो, माणसं त्यासाठी जन्मभर वाट बघतात. अनघा न्यू जर्सीहून आणलेला हातमोजा घालून बसली होती. तिनं तो काढून मांडीवर ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थोड्या वेळानं पाऊस आला आणि सामना तिथेच संपला.

जाणाऱ्यांनी हातमोजा घेऊन जावं आणि चेंडू खिशात घालावा. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! ते स्टेडियमही आता नाही.

परतताना व्हर्जिनियात ती बोलली. "बाबा, यू डिडन्ट ईव्हन आस्क मी."

अगं, मला नियम माहीत नव्हता, असं मी म्हणालो.

"नॉट द बॉल," ती म्हणाली.

मला कळायला वेळ लागला नाही. मग तिनं विचारलं, की एकच वर्ष थांबता येईल का, निदान सहावी इथे होईल. "आईशी बोलशील?"

"बोलतो," मी म्हणालो, आणि मनापासून म्हणालो. पुढचा सगळा रस्ता मी सुनंदाशी बोलायची वाक्यं जुळवत होतो.

घरी पोचलो तर सुनंदानं दारातच सांगितलं, तिकिटं आली, सोफाही गेला. कित्येक वर्षांत मी तिला इतकं खूश बघितलं नव्हतं. अनघा बूट न काढता दाराशी उभी होती, माझ्याकडे बघत.

"जेवायला काय आहे?" मी विचारलं.

अनघा खाली बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

अठराव्या वर्षी ती शिकायला परत अमेरिकेत गेली, ती तिकडचीच झाली. दर रविवारी न चुकता फोन करते, माझ्या गोळ्यांची चौकशी करते, काही हवंय का विचारते. त्या दिवसापासून तिनं माझ्याकडे काहीही मागितलेलं नाही.