बेचाळीसचा डावा खांदा

अष्टपंख कंपनीच्या चाळीस मजली इमारतीत एकच खोली अशी होती, जिथे कुणी बढाई मारत नसे. ती तळघरात होती. वर बाराशे इंजिनिअर उडत्या लोकांसाठी मोटरी, धुरातून पाहणारे चष्मे आणि न फाटणारं कापड बनवत. पण पंख शेवटी माणसाच्या खांद्यावरच्या पट्ट्याला शिवावा लागतो, आणि ते शिवणारं यंत्र काही त्यांना जमलं नव्हतं. तीन यंत्रं केली, तिन्हींच्या सुया मोडल्या. मग कुणीतरी मान खाली घालून शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका बाईला बोलावून आणलं. तिला आता चौदा वर्षं झाली होती. सगळे तिला मावशी म्हणत. तिच्याहून आठ वर्षांनी मोठा असलेला कटिंग मास्तरसुद्धा.

उडणाऱ्यांची नावं गुप्त असत, म्हणून तळघरात त्यांना मापांवरून ओळखत. सदतीस म्हणजे हातातून वीज सोडणारी बाई. अस्तर टोचतं अशा चिठ्ठ्या ती महिन्यातून दोनदा पाठवायची. छप्पन्न म्हणजे भिंती फोडणारा. त्याला उडता यायचं नाही, पण कापड सगळ्यात जास्त त्यालाच लागायचं. आणि बेचाळीस म्हणजे तो, ज्याची चित्रं मुलांच्या दप्तरांवर होती. मावशीने त्याचा चेहरा कधी पाहिला नव्हता. त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच उतरता आहे, एवढं मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. सगळं शहर ज्याला मान वर करून पाहत होतं, त्याला ती चौदा वर्षं मान खाली घालून पाहत आली होती.

शिवणीची रीत ठरलेली होती. आधी साध्या लाल दोऱ्याने कच्चे टाके, म्हणजे पंख जागेवरून हलत नाही. मग त्याच्या शेजारून कंपनीच्या बिनरंगी दोऱ्याने पक्की टीप. हा दोरा तुटत नाही, जळत नाही, पण रेशमापेक्षा निसटता. शेवटची गाठ बसेपर्यंत एका ओढीत अख्खा हातात येतो. पण गाठीखाली कच्चा दोरा अडकायला नको, म्हणून आधी लाल दोरा काढून टाकायचा आणि मगच गाठ मारायची. मोटर तपासायला चौथ्या मजल्यावर सहा माणसं होती. शिवण तपासायला मावशीचा अंगठा होता.

त्या आठवड्यात लाल रीळ संपलं. मास्तरने मागणी पाठवली.

"क्षेपणास्त्राला एक सही लागते," तो म्हणाला, "आणि रिळाला तीन. तिसरा साहेब रजेवर आहे."

"मग तोवर मी काय, थुंकीने चिकटवू?"

मावशीने घरून शर्टाच्या बटणांचा पांढरा दोरा आणला आणि बेचाळीसच्या डाव्या खांद्याचे कच्चे टाके त्याने घातले. काम अडायला नको, एवढाच तिचा हेतू. अशा हेतूंनीच माणसं दरीत जातात. पण हे दरीत गेल्यावर कळतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती धुणं काढायला बसली. कामावरच्या एप्रनच्या खिशात उसवलेल्या दोऱ्याची गुंडाळी निघाली. फेकणार, तेवढ्यात बोटांना काहीतरी खटकलं. दोरा फार गार लागत होता. ती उठली आणि त्याचं टोक तिने गॅसच्या ज्योतीवर धरलं.

दोरा जळला नाही.

तिने पुन्हा धरलं. ज्योत दोऱ्याच्या दोन्ही बाजूंनी वाहत राहिली, जशी नदी दगडाच्या बाजूंनी वाहते. खिशात पक्की टीप होती. म्हणजे बेचाळीसच्या डाव्या खांद्यावर बटणांचा दोरा होता, आणि त्यालाच तिने आपल्या हातांनी शेवटची गाठ मारली होती.

बाहेरच्या खोलीत रेडिओ चालू होता. नवरा काचा बसवायचा, त्यामुळे उडणाऱ्यांच्या बातम्या तो शेतकऱ्याने हवामान ऐकावं तशा ऐकायचा.

"अहो, कोण उडतंय आज?"

"तुझा तो दप्तरावरचा. चौकापलीकडच्या मनोऱ्याची बाहेरची लिफ्ट लटकलीय. एक दोर तुटला म्हणे. दोन खेपा केल्या त्यानं, अकरा माणसं उतरवली." मग तिच्याकडे पाहून तो उठलाच. "अगं, काय झालं? बस, बस खाली."

ती बसली नाही. तिने मास्तरला फोन लावला. तो सुट्टीच्या दिवशीही तळघरातच असायचा. घरी करमत नाही म्हणायचा.

"मास्तर, घंटा ओढा."

तळघराच्या दाराशी एक घंटा होती. ती ओढली, की हवेतल्या माणसाच्या कानात इशारा वाजायचा आणि त्याने असेल तिथे जवळच्या गच्चीवर उतरायचं. आजवर ती कुणी ओढली नव्हती. ओढणाऱ्याचं नाव वहीत लागायचं.

"वेडी झालीस काय? वर अजून पाच माणसं लटकलीत."

"डाव्या खांद्याला कच्चा टाका आहे. पक्का मी उसवला."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"नक्की ना, मावशी? नसेल आणि तेवढ्यात लिफ्ट पडली तर..."

"जाळून पाहिला मी. माझ्या नावावर ओढा."

घंटेचा आवाज तिला फोनमधूनच ऐकू आला. अगदी साधा, शाळा सुटल्यासारखा. मग मास्तर भराभर बोलू लागला. तो मनोऱ्यासमोरच्या गच्चीवर उतरतोय. दुसरा पोशाख चौथ्या मजल्यावर उघडून पडलाय. सदतीस समुद्रापलीकडे आहे. छप्पन्नला उडता येत नाही. तिथे सुई घेऊन लवकर पोचेल असं एकच माणूस आहे.

"निघाले," मावशी म्हणाली.

नवऱ्याने गाडीची किल्ली उचलली. गाडीत सहा मोठ्या काचा उभ्या होत्या, त्या उतरवायला वेळ नव्हता. दोन चौकांचं अंतर त्याने असं कापलं, की मागे सहाही काचा दात वाजवत होत्या. सुई, बोटात घालायचं अंगुस्तान आणि दोऱ्याची ती गुंडाळी तिने मुठीत घट्ट धरली होती. तिच्या मनात पाचच माणसं होती. त्यांचे चेहरे तिला दिसत नव्हते, फक्त पाय दिसत होते, हवेत, आधाराशिवाय.

मनोऱ्यासमोरच्या इमारतीचा पहारेकरी आडवा आला. नवरा म्हणाला, "बाजूला हो, शिंपीण आलीय." हे इतक्या अधिकाराने म्हटलं, की तो बाजूला झाला.

गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून मुखवटा घातलेला एक माणूस उभा होता. जवळून तो दप्तरावरच्यापेक्षा बुटका होता आणि घामेजलेला. तिने आधी खांदा पाहिला. अर्धा इंच उतरता.

"मावशी ना तुम्ही? मास्तर कानात सांगत होते. किती वेळ?"

"हलला नाहीत तर बारा मिनिटं."

"पाच करा."

"पाचात केलेलं तुम्ही अंगावर घालून बसलायत. वळा."

एकोणीस टाक्यांपैकी सहा उरले होते. बाकीच्यांची टोकं वाऱ्यावर उडत होती. तिने पाहिलं आणि सुई ओवली. जुने छेद तिला अंगठ्याने सापडत गेले. सुई घालायची, ओढायची, मागच्या छेदात परत यायचं. समोर लिफ्ट एका दोरावर हळूच फिरत होती. तिच्या काचेला पाच माणसं चिकटली होती. मावशीने एकदाच तिकडे पाहिलं आणि ठरवलं, आता एकोणीस होईपर्यंत मान वर करायची नाही. नवरा कठड्याशी उभा राहून तिला सांगत होता, "आहे, आहे, धरून आहे." मधेच तो गप्प झाला, तेव्हा तिची सुई थांबली. "आहे गं!" तो ओरडला. ती पुढे शिवू लागली.

"हे कुणी केलं?" मुखवट्यातून प्रश्न आला. आवाज रागाचा नव्हता. घसा बसला होता.

"मी."

"आणि घंटा?"

"तीही मीच."

त्याचा खांदा थोडा सैल झाला, म्हणजे शिवायला सोपा.

"दुसऱ्या खेपेला काहीतरी तट्टकन वाजलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, हाड."

"कंबर पण वाढलीय तुमची. मोटरीवर भार येतो."

तो हसला तसा टाका हलला. "हलू नका म्हटलं ना!" ती डाफरली. शेवटची गाठ तिने दातांनी ओढून बसवली, अंगठा दोनदा फिरवला, मग डोळे मिटून तिसऱ्यांदा. "जा."

तो कठड्यावरून गेला. तेव्हा तिने मान वर केली. पंखाने हवा धरली, डावीकडे किंचित कलला आणि सरळ झाला. पहिल्यांदा एक बाई खाली आली, मग दोघं भाऊ असावेत तसे एकमेकांना न सोडणारे, मग एक तरुण. शेवटचे म्हातारे गृहस्थ पिशवी सोडायला तयार नव्हते. ते पिशवीसकट उतरले आणि उतरल्या उतरल्या उशीर का झाला म्हणून भांडू लागले. मावशीला ते भांडण इतकं गोड वाटलं, की ती कठड्याशी खालीच बसली.

मास्तरचा फोन आला. "वर सगळे जमलेत. तिसरा साहेब रजेवरून धावत आलाय. उद्या चौकशी आहे तुझी. आणि वहीत नाव लिहायचंय. मी लिहू?"

"माझं मी लिहीन."

"कच्चा टाका कुणी सोडला, हा रकानापण आहे गं खाली."

"तोही मीच भरीन. दोन्हीकडे एकच नाव, त्यांना सोपं पडेल."

मास्तर हसला, आणि हसता हसता नाक ओढल्याचा आवाज आला. मावशीने फोन ठेवला. ऊन चढलं होतं. बोटाला सुई दोन ठिकाणी लागली होती, ते तिला आता कळलं. नवरा शेजारी येऊन बसला.

"काय वाटतंय?" त्याने विचारलं.

तिने जरा विचार केला. बऱ्याच दिवसांत तिने इतका साधा विचार केला नव्हता.

"भूक लागलीय," ती म्हणाली. "सपाटून."